परसातून जाणारी शेजाऱ्याची वाट: गडगा घालण्याआधी काय काय बघायचं

कोकणातलं जुनं घर ताब्यात आलं की सोबत दोन गोष्टी हमखास येतात: सातबाऱ्यावरची पंधरा-वीस नावं आणि परसातून जाणारी कुणाची तरी वाट. नावांची चर्चा आधीपासून चाललेली असते. वाटेचं प्रकरण मात्र कुंपणाला माणसं लावली की उपटतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे अशीच वाट होती. मागच्या घरची माणसं माडांमधून तिरकी येऊन आमच्या पडवीला खेटून रस्त्याला लागायची. आता तीच वाट गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने जाते, चार फूट रुंद आहे आणि तिचा दस्त नोंदवलेला आहे. मधल्या काळात तलाठी, भूमी अभिलेख, वकील, दुय्यम निबंधक अशी सगळी दारं पालथी घातली. ज्यांच्या परसातून दुसऱ्याची वाट जाते त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाटेने जाणाऱ्यांनीही वाचावं, कायदा तोच आहे.

यातलं सगळं महाराष्ट्रापुरतं समजा. गोव्यात मामलतदाराच्या (म्हणजे तहसीलदाराच्या) न्यायालयाचा कायदा वेगळा, १९६६ चा आहे.

१. पहिलं काम: काहीही बंद करू नका

मे महिन्यात आठ दिवसांच्या रजेवर यायचं, चिऱ्याचा ट्रक मागवायचा आणि गडगा उभा करून मुंबईला निघून जायचं, हा चाकरमान्यांचा आवडता मार्ग. यात समोरच्याच्या हाती आयतं कारण मिळतं. अडथळा ताजा असताना तो तहसीलदाराकडे धावू शकतो, दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागू शकतो, आणि तुम्ही मुंबईत बसून तारखा मोजता. शिवाय अशा गडग्याचा पंचनामा झाला की 'वाट होती' हे जवळजवळ तुम्हीच सिद्ध करून दिलेलं असतं.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. हक्क असला तरी शेजाऱ्याला तुमचा अडथळा स्वतःच्या हाताने तोडता येत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ३६ तसं स्पष्ट सांगतं. (सुविधाधिकार म्हणजे आपल्या मिळकतीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला वाटेसारखा हक्क. पाचव्या पायरीपासून आठव्यापर्यंत नुसतं 'कलम' म्हटलंय ते याच कायद्याचं.) त्यालाही कोर्टातच जावं लागतं.

२. जमीन तुमच्या एकट्याची आहे का?

कोकणात निम्मे घोळ इथेच असतात. शेजारी भाऊबंद असेल आणि सर्व्हे नंबरच्या त्या हिश्श्यावर त्याच्या वडलांचं किंवा आजोबांचं नाव सामाईक असेल, तर वाटेचा हक्क हा प्रश्नच उद्भवत नाही. सुविधाधिकार दुसऱ्याच्या जमिनीवर असतो. हा शेजारी तर सहहिस्सेदार म्हणून स्वतःच्याच जमिनीतून चाललाय. अशा वेळी खरा विषय वाटपाचा असतो. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या आणि त्या वाटपातच वाट आखून घ्या. संमती नसेल तर दिवाणी दावा.

घर गावठाणात असेल आणि गावाचं नगर भूमापन झालेलं असेल तर सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. तिच्यावर 'सुविधाधिकार' असा वेगळा रकाना असतो. बहुतेक पत्रिकांत तो कोरा असतो, म्हणून कुणी बघतही नाही. तुम्ही बघा.

३. कागद गोळा करा

- चालू सातबारा आणि ८-अ (खातेउतारा), तुमचा आणि शेजाऱ्याचाही. 'इतर हक्क' रकाना नीट वाचा.
- जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार (गाव नमुना ६). संगणकावर सातबारा चढवताना जुने शेरे गळालेले असू शकतात.
- गाव नकाशा आणि आपल्या नंबरचा फाळणी (पोटहिश्श्यांचा) नकाशा. हे भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मिळतात.
- दोन्ही घरांची खरेदीखतं, वाटपपत्रं, बक्षीसपत्रं.
- ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आणि रस्त्यांच्या नोंदवहीतली आपल्या वाडीची पानं.
- मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा). नसेल तर हद्द कायम मोजणीचा अर्ज आजच करा, नंबर लागायला वेळ लागतो.

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण सज्जावर (त्यांच्या कार्यालयात) जाऊन 'तलाठी आप्पा आहेत का?' असंच विचारलं तर लवकर भेटतात.

शेजाऱ्याचं खरेदीखत मागायला संकोच वाटत असेल तर मागू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) मिळते. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांची माहिती तिथे साधारण २००२ पासूनची आहे, त्याआधीचे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊनच काढावे लागतात. दस्तात चतुःसीमा (मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे ते) वाचा. 'दक्षिणेस अमुक यांची जमीन व त्यातून जाणेयेणेची वाट' असं एखादं अर्धं वाक्य सापडलं तर पुढचा बराच वाद तिथेच निकालात निघतो.

गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. तुमच्या जमिनीतून अशी रेषा गेली असेल तर ती एकट्या शेजाऱ्याची वाट धरू नका, गावाची असू शकते. तिच्यावर शेजाऱ्याशी करार करून उपयोग नाही. मात्र नकाशावर रेषा नाही म्हणून वाट नाही, असंही धरून चालू नका. घरापुरत्या आणि शेतापुरत्या वाटा त्या नकाशांत सहसा दाखवलेल्याच नसतात.

४. वाट जमिनीवर वाचा

कागद जमले की टेप घेऊन परसात उतरा. पावसाळ्यानंतर, गवत कापल्यावर गेलात तर उत्तम. आमच्याकडे गडग्यात जुन्या बेड्याचे (आडव्या बांबूंच्या फाटकाचे) दोन दगडी खांब निघाले, वेलींनी पार झाकून गेलेले. दोन्ही खांबांना आडवे बांबू सरकवायची भोकं समोरासमोर होती. आतली बाजू हाताला गुळगुळीत लागत होती, म्हणजे ते बांबू वर्षानुवर्षं सरकवले गेलेले. शिवाय दोन खांबांमधलं अंतर तीन फुटांच्या आतबाहेर. डोक्यावर भारा घेतलेला माणूस आडवा होऊन गेला असेल, बैलगाडी कधीच गेली नसणार. तोंडी साक्षींपेक्षा ते खांबच जास्त बोलके निघाले, आणि दोन्ही बाजूंनी: वाट होती हे शेजाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि ती गाडीची नव्हती हे आमचंही.

फोटो काढा, त्यात टेप दिसू द्या. चिऱ्याच्या पायऱ्या मध्ये झिजल्यात का, वाटेवर लावलेले माड किती वर्षांचे असतील, पाखाडी (पायऱ्यांची दगडी वाट) फोडून कुणी सिमेंट ओतलंय का, सगळं टिपून ठेवा. वाटेवर तीस वर्षांचा फळता माड उभा असेल तर तिथून नेमकी वाट नव्हती, हे सांगायला वकील लागत नाही.

५. हक्क कोणत्या प्रकारचा, ते ठरवा

गावात 'वहिवाट आहे' या दोन शब्दांत सगळं कोंबलं जातं. कायद्यात मात्र चार वेगळे प्रकार पडतात आणि चौघांचा शेवट वेगळा होतो.

दस्तातला हक्क. खरेदीखतात किंवा वाटपपत्रात लिहून दिलेला. घर विकलं तरी तो घराबरोबर जातो. इथे वाद फक्त 'किती आणि कुठून' याचा उरतो.

गरजेपोटीचा हक्क (कलम १३). एकच जमीन वाटपाने किंवा विक्रीने तुटली आणि मागच्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरा मार्गच उरला नाही, तर हा मिळतो. दुसरी वाट लांबची, चढाची, चिखलाची असली तरी ती 'आहे', आणि मग गरज सिद्ध होणं कठीण. मूळ जमीन कधी एक नव्हतीच, तर हा प्रकार लागूच पडत नाही. लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, मागच्या घराला पुढे दुसऱ्या बाजूने रस्ता मिळाला की हा हक्क संपतो (कलम ४१). वाडीत नवा रस्ता झाला असेल तर आधी हे तपासा.

वहिवाटीने मिळालेला हक्क (कलम १५). वीस वर्षं, उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि 'हा माझा हक्कच आहे' अशा भावनेने वापर हवा. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. दर वेळी विचारून, किंवा तुमच्या आजीने 'जा रे बाबा' म्हटलं म्हणून कुणी गेला असेल, तर तो परवानगीचा वापर, त्याची वीस वर्षं भरत नाहीत. खंड म्हणजे काय तेही कायद्याने सांगितलंय: तुम्ही अडवलंत, त्याला ते कळलं आणि वर्षभर त्याने ते निमूट सोसलं, तर खंड. चार दिवस काटेरी फांद्या टाकून ठेवल्या आणि त्याने त्या उचलून फेकल्या, हा खंड धरला जात नाही. आणि मागच्या घरची मंडळी फक्त गणपतीला आणि शिमग्याला येतात म्हणून मिळालेला हक्क बुडत नाही. त्यासाठी सलग वीस वर्षं वापरच झालेला नसावा लागतो (कलम ४७).

नुसती परवानगी (कलम ५२). ही काढून घेता येते, तिच्यात एक मेख आहे, ती पुढे आठव्या पायरीत सांगतो.

६. हक्क आहे असं दिसलं, तर तो किती?

'हक्क आहे' हे ऐकलं की बरेच जण हात टेकतात आणि 'मग जाऊ दे गाडी पण' म्हणून मोकळे होतात. तुमच्या कामाचा कायदा खरं तर इथून सुरू होतो.

एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही (कलम २८). पायवाटेचा हक्क असेल तर दुचाकी, रिक्षा, चिऱ्याचा टेम्पो तिच्यातून जात नाही. पाण्याचा पाइप, सांडपाण्याची मोरी, केबल हेही नाही. ते वेगळे हक्क आहेत आणि वेगळे मागावे लागतात.

शेजाऱ्याने ठरलेल्या दोन टोकांतूनच आत यायचं आणि बाहेर पडायचं, मधूनच कुठेतरी घुसायचं नाही. आज या माडाखालून, उद्या त्या फणसाखालून, अशी वाट त्याला मनाला येईल तशी बदलता येत नाही (कलम २३). तुम्हालाही ती एकतर्फी हलवता येत नाही, त्यासाठी करारच लागतो. पण वापर सगळ्या परसभर पसरलेला असेल, तर तो एका ठरावीक पट्ट्यापुरता आणा असं तुम्ही म्हणू शकता, फक्त त्या पट्ट्याने त्याची अडचण होता कामा नये (कलम २२).

वाटेची डागडुजी त्याच्या खर्चाने. तुम्ही तिच्यावर दिवा लावावा, गवत काढावं, पाखाडी बांधून द्यावी, असं कायदा सांगत नाही. वाटेखालची जमीन तुमचीच राहते, आणि त्याच्या जाण्यायेण्याला आडकाठी होणार नाही असा कोणताही वापर तुम्ही करू शकता (कलम २७). गुरं येऊ नयेत म्हणून कुलूप नसलेलं फाटक साधारणपणे चालतं. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवलीत तर तो अडथळा.

घराचा वापर बदलला तर? मागच्या घराचा होम स्टे झाला आणि रोज आठ-दहा पाहुणे बॅगा ओढत पडवीसमोरून जायला लागले, असं आता किनाऱ्याजवळच्या गावांत सर्रास होतंय. स्वतःच्या मिळकतीत फेरफार करून तुमच्यावरचं ओझं फार वाढवता येत नाही, असं कलम २९ म्हणतं. किती वाढलं म्हणजे फार, हे शेवटी न्यायाधीश ठरवतात. म्हणून बदल दिसायला लागला की तेव्हाच लेखी हरकत घ्या. आणि तुमच्यातून जाऊन त्याने पलीकडे घेतलेल्या तिसऱ्याच जमिनीकडे जायचं, हेही चालत नाही, कारण हक्क ज्या मिळकतीसाठी असतो तिच्यापुरताच असतो (कलम २१).

७. बोलणी

वकिलाची नोटीस आधी पाठवू नका. गावात नोटीस म्हणजे भांडणाचं आमंत्रण, पुढच्या लग्नाची पत्रिकासुद्धा येत नाही. घरी जा, शक्यतो त्यांच्या घरी, आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाशी बोला. आमच्याकडे पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच आलं:

'तुझ्या आजोबांपासून आम्ही हयसूनच जातो हा.'

'काका, जाऊ नका असं मी म्हणतच नाही. कुठून आणि किती, तेवढं कागदावर आणूया. उद्या तुमची मुलं आणि माझी मुलं भांडायला नकोत.'

यातलं दुसरं वाक्य खरं काम करतं. वाटेने जाणाऱ्यालाही कागद हवाच असतो, घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक तोच आधी विचारतं. तुमच्याकडे द्यायला काहीतरी असू द्या: वाट गडग्याच्या कडेला नेण्याच्या बदल्यात पायऱ्यांचा खर्च, फूटभर जास्त रुंदी, आजारी माणसाला खुर्चीतून नेण्याची मुभा. कडेची वाट त्यांनाही आवडते, आपलं न्हाणीघर आणि वाळत घातलेले कपडे ओलांडून जायला कुणालाच बरं वाटत नाही. बोलताना वाडीतला एखादा तिसरा जाणता माणूस घ्या. गावची तंटामुक्त समिती जागी असेल तर तिच्यापुढे मांडायलाही हरकत नाही.

एका माणसापासून मात्र जपा: 'ग्रामपंचायतीतून पाखाडी मंजूर करून देतो, तुम्ही फक्त संमतीपत्रावर सही करा' म्हणणारा. फुकटचं काँक्रीट दिसतं, पण सार्वजनिक निधी खर्च होऊन वाट रस्त्यांच्या नोंदवहीत चढली की ती शेजाऱ्याची न राहता अख्ख्या वाडीची होते. ती परत मिळवणं फार अवघड.

८. कागद कसा करायचा

आधी ठरवा: परवानगी द्यायची की हक्क द्यायचा.

परवानगीपत्र साधं असतं, त्या माणसापुरतं. घर विकलं की ते नव्या मालकाला मिळत नाही, आणि वापर परवानगीचा असल्याचं त्याने लिहून दिल्यामुळे वीस वर्षांचं घड्याळही चालू होत नाही. आता ती मेख. परवानगीच्या भरवशावर त्याने स्वतःच्या पैशाने कायमचं बांधकाम केलं, तर परवानगी काढून घेता येत नाही (कलम ६०). म्हणून 'काका, तेवढं सिमेंट घालून घेतो' याला तोंडी हो म्हणू नका, आणि परवानगीपत्रात 'पक्कं बांधकाम करणार नाही' हे वाक्य घाला.

वाट कायमची असणारच, हे दिसत असेल तर नोंदणीकृत करारच करा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ठेवलेला कागद कपाटात छान दिसतो, कायमच्या हक्कासाठी तो पुरत नाही. मुद्रांक किती लागेल ते दस्त लिहिण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. दस्तात एवढं हवंच:

- दोन्ही मिळकतींचे सर्व्हे व हिस्सा नंबर आणि क्षेत्र.
- वाटेची जागा मोजमापासह: 'पूर्वेकडील गडग्याच्या आतील कडेपासून ४ फूट रुंद, विहिरीच्या कठड्याच्या पूर्वेकडून, दक्षिणेकडील फाटकापर्यंत'. 'आंब्याच्या झाडापासून' लिहू नका, आंबा वादळात पडतो.
- मोजणीच्या 'क' प्रतीवर रंगवलेला पट्टा, दोघांच्या सह्यांसह, दस्ताला जोडलेला.
- वापर: पायी, की दुचाकीसह. पाइप आणि केबलबद्दल स्पष्ट हो किंवा नाही.
- फाटक, दुरुस्तीचा खर्च, पागोळ्यांचं पाणी कुठे काढायचं.
- जुन्या तिरक्या वाटेवरचा हक्क सोडल्याचं वाक्य. हे राहिलं तर तुमच्या परसात एकाऐवजी दोन वाटा होतात.

सह्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या. ठाण्यातली आत्या, बडोद्यातला चुलता, सगळे. येता येत नसेल तर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र. एक सही राहिली तर पुढे तीच माणसं 'आम्हाला विचारलं नव्हतं' म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

दस्त झाल्यावर तलाठ्याकडे अर्ज देऊन इतर हक्कात नोंद मागा. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेखकडे.

९. बोलणं फिसकटलं तर कुठलं दार

बांधावरच्या शेतवाटेसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३: तहसीलदार एका नंबरच्या धारकाला दुसऱ्या नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतो. परसाच्या मधोमध नाही. निर्णय पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

चालू वाट अडवली गेली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, म्हणजे पुन्हा तहसीलदारच. मुदत सहा महिने. हे शेती, झाडं, पिकं यांच्या जमिनी आणि तिकडे जाणाऱ्या वाटांसाठी आहे, म्हणून माडा-पोफळीच्या आगराबाबत शेजारी इथेच येईल. स्थळपाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि पंचनामा पूर्ण वाचून, चुकीचं काही असेल तर हरकत लिहून मगच सही करा. या निर्णयावर अपील नाही, पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी) आहे.

घराची वाट, वीस वर्षांची वहिवाट, गरजेचा हक्क, करार मोडणं, हे सगळं दिवाणी न्यायालयात. शेजारी दावा लावणार अशी कुणकुण लागली तर तुम्ही आधी कोर्टात कॅव्हेट (आगाऊ सूचनेचा अर्ज) दाखल करा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळत नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, मग नव्याने द्यावं लागतं. दावा सुरू झाला की कोर्ट कमिशनरकडून जागेची मोजणी मागा, नुसत्या तोंडी साक्षींवर राहू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घर आईच्या नावावर असेल तर हे उपयोगी पडतं.

पोलीस ठाण्यात बहुधा अदखलपात्र नोंद होते आणि 'दिवाणी मॅटर आहे' असं ऐकायला मिळतं. मारामारीची भीती असेल तर मात्र नोंद कराच, तिची प्रत फाइलला लावा.

दावा चालू असतानाही तडजोड होऊ शकते. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, तिच्यावर अपील नाही. तिथे सही करण्याआधी आठव्या पायरीतली यादी पुन्हा काढा, आणि तो नकाशा तडजोडीच्या कागदालाही जोडा.